आईच्या तोंडी घातलेले वाक्य

६ जानेवारी १९९८

तुझ्या आत्मकथनाच्या एकशे तिसऱ्या पानावर तू लिहितेस की, वारसा कायद्यावर मतदान व्हायचे होते त्याच्या आदल्या संध्याकाळी आई आपल्या चष्म्यांच्या दुकानात भिंगे घाशीत बसली होती, आणि चाकाच्या घरघरीतून तिने तुला सांगितले, ‘उद्या बसून राहिलीस तर मला तोंड दाखवू नकोस.’ हे वाक्य आईने उच्चारलेले नाही. त्या संध्याकाळी चाक बंद होते. त्याचा पट्टा तुटला होता आणि नवा पट्टा दुसऱ्या दिवशी दुपारी बसवला गेला. मी स्वतः त्या वेळी मुद्रणालयात होतो, त्यामुळे प्रत्यक्ष साक्ष देऊ शकत नाही; परंतु जे चाक फिरतच नव्हते त्याच्या घरघरीतून कोणी काही सांगू शकत नाही, एवढे तर्काने सिद्ध होते.

पत्राला मायना नाही, हे तुझ्या लक्षात आले असेल. मंडळातून काढलेल्या व्यक्तीला सभासदाने नमस्कार, आशीर्वाद अथवा क्षेमकुशल लिहू नये, असा आपल्या समाजाच्या मंडळाचा नियम आहे. कामकाजापुरते लिहिण्याची मुभा फक्त चिटणिसाला असते. मी चिटणीस आहे, म्हणून हे पत्र. तू मला ‘प्रिय दादा’ असे लिहिलेस, त्याला माझी हरकत नाही. तुझ्यावर आता कोणताच नियम चालत नाही.

तुझी विनंती मी दोनदा वाचली. आईला भेटायचे आहे, एकदाच भेटायचे आहे, दारातून का होईना पण भेटायचे आहे. (‘एकदाच’ आणि ‘दारातून का होईना’ यांपैकी एक पुरेसे होते.) नियम तुला ठाऊक आहे; तरीही लेखी मागितला आहेस म्हणून सांगतो. काढलेल्या व्यक्तीने घरमालकाच्या आणि मंडळाच्या संमतीवाचून उंबरठा ओलांडला, तर ते घरच मंडळाबाहेर जाते, आणि त्या घरातील कोणालाही मरणानंतर आपल्या दफनभूमीत जागा मिळत नाही. आईला बाबांच्या शेजारची जागा हवी आहे. गेली तेहतीस वर्षे ती तेवढेच मागत आली आहे. तेव्हा तू आगाऊपणे येणार नाहीस, याची मला खात्री आहे. ‘मी अख्ख्या देशाला कायदा देऊ शकले, पण माझ्या आईचे दार उघडू शकले नाही,’ हे तुझ्या पुस्तकातले वाक्य वृत्तपत्रांनी चौकटीत छापले. वाक्य आकर्षक आहे. त्यातील पूर्वार्ध अतिशयोक्त आहे, उत्तरार्ध बरोबर आहे.

मंडळाचा आदेश मोडून तू त्या कायद्याच्या बाजूने उभी राहिलीस, म्हणून तुला काढले गेले. आता अडचण अशी झाली आहे की, प्रश्न केवळ तुझ्या येण्याचा राहिलेला नाही. रविवारच्या मासिक बैठकीत लाकूडवाल्यांनी तुझे पुस्तक हातात धरून विचारले, “म्हातारीनंच पोरीला फितवलं, असं पोरगीच छापते. मग इतकी वर्षं आपण पोरीला बाहेर ठेवलं आणि म्हातारीला आत? हा कुठला न्याय?” त्यावर वकीलसाहेब म्हणाले, “न्याय बाजूला ठेवा. नव्वद वर्षांची बाई आहे.” लाकूडवाले म्हणाले, “मग तर घाई करायला हवी. जमिनीखाली गेल्यावर बाहेर कसं काढणार?” लोक हसले. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला. पुस्तक त्यांच्या हाती कसे आले, असे तू विचारशील. मंडळाच्या टेबलावर प्रत मीच ठेवली होती. समाजासंबंधी छापील मजकूर आला की चिटणिसाने तो सादर करायचा असतो.

पुस्तकात इतर चुकाही आहेत. मी चाळीस वर्षे सभागृहाच्या कार्यवृत्ताची मुद्रिते तपासली आहेत. तुझे प्रत्येक भाषण छापून येण्यापूर्वी माझ्या पेन्सिलीखालून गेले आहे. त्यामुळे हे काम मला जड नाही.

तू लिहितेस की, बासष्ट साली समाजाने ‘एकमताने’ तुला उमेदवारी दिली. समाजाने तसे काही केले नाही. लाकूडवाले आणि वकीलसाहेब यांच्यापैकी एकही मागे हटेना. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, तसा तो प्रकार होता. पोरगी आहे, शाळेत शिकवते, बाप अंथरुणावर आहे, सांगितले तिथे बसेल आणि सांगितले तेव्हा उठेल, असे म्हणून दोघांनी तुझ्या नावावर समेट केला. पुढे तू लिहितेस की, ‘दादाने मोठ्या मनाने स्वतःचे नाव मागे घेतले.’ मी नाव मागे घेतले नव्हते. ते वाचलेच गेले नाही. औदार्य माझ्या पदरी घालताना निदान मला विचारायचे होतेस.

सभागृहात तू आपल्या समाजातली पहिली आणि एकूणच पहिली बाई, हे खरे आहे; त्याबद्दल वाद नाही. तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हते आणि तुला उपाहारगृहातल्या स्वयंपाकिणीच्या खोलीत जावे लागे, हेही खरे असावे. कार्यवृत्तात अशा बाबी नसतात. मात्र विरोधी बाकावरून “चष्मेवाली, आधी स्वतःचा नंबर तपासून ये!” असे कोणी ओरडले, आणि तू “माननीय सदस्यांचे डोळे उत्तम आहेत, बिघाड डोळ्यांच्या मागे आहे,” असे उत्तर दिलेस, हा मजकूर कार्यवृत्तात नाही. तिथे फक्त ‘(गोंधळ)’ आहे. उत्तर दिले गेले असते तर ते माझ्या नजरेतून सुटले नसते. माझ्या पत्नीने हे पान आईला मोठ्याने वाचून दाखवले. आई इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि पाणी द्यावे लागले. अशा हसण्याने तिच्या प्रकृतीला अपाय होतो, म्हणून पुस्तक मी माझ्या कपाटात ठेवले आहे.

आणि बापाच्या घरातला वाटा तू ‘कधीही मागितला नाहीस’ असे दोन ठिकाणी लिहिले आहेस. बाबा कायद्याच्या तीन वर्षे आधी वारले. तो कायदा मागच्या मृत्यूंना लागू नाही. तूच मंजूर केलेल्या कायद्यानुसार तुला वाटा नव्हताच. तेव्हा न मागण्यात त्याग कसला?

आईविषयी. तिला आता दिसत नाही. माडीवरच्या मागच्या खोलीत असते. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात आणि ‘वय झालं’ एवढेच सांगतात. ऐकू चांगले येते, बुद्धी बहुतांशी शाबूत आहे. तुझ्यासंबंधी बोलताना मात्र भ्रम होतो.

तुला यायचे असेल तर मार्ग एकच आहे. एकशे तिसऱ्या पानावरचे वाक्य असत्य असल्याचे निवेदन तुझ्या सहीने पाठव. मी ते मासिक बैठकीत वाचून दाखवीन. त्यायोगे आईवरचा आक्षेप निकाली निघेल, आणि मंडळ तुझ्या भेटीचा विचार करील. पुढची बैठक एक फेब्रुवारीला आहे.

ता. क. पृष्ठ ६६ निर्दोष आहे.


३ फेब्रुवारी १९९८

तुझे निवेदन बैठकीपूर्वी चार दिवस मिळाले. ते मी वाचले नाही. म्हणजे मी वाचले, मंडळापुढे वाचले नाही. ‘त्या संध्याकाळी आई नेमके काय म्हणाली, हे इतक्या वर्षांनंतर शब्दशः सांगणे कठीण आहे,’ असे तू लिहितेस. शब्दशः सांगता येत नाही, म्हणजे आशयाने सांगता येते. आई काहीतरी म्हणाली, हे त्यात गृहीतच आहे. मंत्री असताना तू अशी उत्तरे पत्रकारांना देत असशील; लाकूडवाल्यांना ती पुरणार नाहीत. तुझ्याच हिताचा विचार करून मी कागद बाजूला ठेवला आणि आईचा विषय आणखी एक महिना पुढे नेला.

विशेष बैठक बोलाव, असे तू सुचवतेस. चिटणिसाला तो अधिकार आहे, हे खरे. परंतु स्वतःच्या घरच्या कामासाठी अधिकार वापरणे मला प्रशस्त वाटत नाही. तू सत्तेत होतीस, तेव्हा तुला ही अडचण कदाचित जाणवली नसेल.

पंचाहत्तर साली तू समाजबहिष्काराविरुद्ध विधेयक आणलेस, आणि ‘दोन मतांनी हरले’ असे पुस्तकात लिहिलेस. ते अकरा मतांनी फेटाळले गेले. तुझ्या स्वतःच्या पक्षातले सात जण चहाला म्हणून बाहेर गेले आणि मतदान संपेपर्यंत परतले नाहीत. आकडे माझ्याकडेच तपासायला आले होते. त्या दिवशी घरी आल्यावर आईने विचारले, “झालं का रे तिचं?” मी ‘नाही’ म्हटले. तिने चाक पुन्हा सुरू केले. मला हे सांगायची आवश्यकता नव्हती, पण तू वस्तुस्थितीचा आग्रह धरतेस म्हणून सांगितले.

दूरध्वनीच्या प्रकाराविषयी. मागच्या मंगळवारी मी ग्रंथालयात गेलो असताना माझ्या पत्नीने तुला फोन लावला आणि लांब तार ओढून आईच्या उशापर्यंत नेला. मी परतलो तेव्हा माडीवर हसण्याचे आवाज येत होते. आई सांगत होती, “अगं, तुझा दादा लहानपणी दूध प्यायच्या आधी पेल्याचा काठ तपासायचा. टवका असला तर दूध तसंच! आता सगळ्या जगाचे काठ तपासतो.” मग म्हणाली, “भिंगरे, तू येतेस कधी? माझ्याच्यानं आता फार वाट बघवत नाही गं.” त्यावर तू काय उत्तर दिलेस ते मला ऐकू आले नाही. मी फोन बंद केला.

नियमात दूरध्वनीचा उल्लेख नाही, असे माझ्या पत्नीचे म्हणणे. ती म्हणाली, “उंबरठा पायानं ओलांडायचा असतो, कानानं नाही.” नियम झाला तेव्हा दूरध्वनीच नव्हता, तेव्हा नियमाचा हेतू पाहावा लागतो. घराबाहेरच्या माणसाचा आवाज आईच्या खोलीत पोहोचला, तर तो उंबरठा ओलांडूनच पोहोचला. तूर्त दूरध्वनी माझ्या खोलीत असतो आणि बाहेर जाताना मी खोलीला कुलूप लावतो. माझ्या पत्नीने दोन दिवस माझ्याशी संभाषण केले नाही. तिसऱ्या दिवशी मिठाचा डबा कुठे आहे, हे विचारावे लागल्याने तो प्रश्न मिटला.

आई त्यानंतर रोज विचारते. “कागद आला का तिचा?” मी सांगतो की कागद आला, पण बरोबर नव्हता. “मग तू बरोबर करून घे ना. तेच तर तुझं काम.” तिने प्रथमच माझ्या व्यवसायाविषयी काही आदराने म्हटले, असे मी समजतो.

तुला पुन्हा चूक होऊ नये म्हणून मजकूर मीच तयार केला आहे. तू तो स्वतःच्या हाताने उतरवून सही कर:

‘माझ्या आईने मला मतदानासंबंधी कधीही, कोणतीही सूचना केली नाही. एकशे तिसऱ्या पानावरचे वाक्य मी स्वतः रचले आणि पुस्तक वाचनीय व्हावे म्हणून तिच्या तोंडी घातले.’

एवढेच. दोनच वाक्ये आहेत. पुढची बैठक एक मार्चला आहे. डॉक्टर आता आठवड्यातून दोनदा येतात.


२ मार्च १९९८

तुझे निवेदन मिळाले. मजकूर हुबेहूब उतरवला आहेस आणि अक्षर अजून चांगले आहे. ‘वाचनीय’ हा शब्द तू खोडून पुन्हा लिहिलास. कारण समजले नाही, पण वाचण्यात अडथळा आला नाही. सोबत तू मला वेगळी चिठ्ठीही लिहिलीस: ‘दादा, हे खोटं आहे हे तुला माहीत आहे. तिला मात्र हे कळू देऊ नकोस. तेवढंच कर.’ चिठ्ठी कामकाजाचा भाग नसल्याने मी ती ठेवून घेतलेली नाही. मला काय माहीत आहे, हे ठरवण्याचा अधिकार तुला नाही.

काल बैठकीत निवेदन मी उभा राहून वाचले. लाकूडवाले म्हणाले, “चला, मंत्रीणबाई खोटं बोलल्या, हे एकदाचं त्यांच्याच हातचं मिळालं.” मागून कोणी म्हणाले, “पुढारी म्हटल्यावर थोडं खोटं चालायचंच.” पुष्कळ हशा झाला. वकीलसाहेब मान खाली घालून बसले होते. त्यांना अलीकडे झोप आवरत नाही. निवृत्त सुईणबाई शेवटच्या बाकावर होत्या. त्या उठून म्हणाल्या, “तुमच्यातल्या निम्म्यांना मी जगात आणलंय, म्हणून बोलते. आपल्यातली एक बाई तिथवर गेली. तुमच्या लेकींना आज घरात वाटा आहे तो तिच्यामुळं. आणि तुम्ही तिच्याकडून असलं लिहून घेता? लाज कुठं गहाण टाकलीत?” बायकांना बैठकीत बसता येते, बोलता येत नाही, सबब त्यांचे बोलणे इतिवृत्तात आलेले नाही. तुला आनंद वाटेल म्हणून येथे दिले.

निर्णय असा: आईवरचा आक्षेप रद्द. बाबांच्या शेजारची जागा तिच्यासाठी कायम. तुझ्या भेटीला एक वेळची संमती. मात्र निवेदन कार्यालयाच्या दारावर लागलेले राहून पुढचा दुसरा रविवार उजाडला पाहिजे. त्यामुळे पंधरा मार्चपासून तू येऊ शकतेस, त्याआधी नाही. येताना मागच्या जिन्याने यावे.

आता आईविषयी, कारण तू विचारले आहेस.

बैठकीहून आल्यावर मी तिच्या खोलीत गेलो. माझी पत्नी तिचे केस विंचरत होती. पत्नीला माझ्या हातातला कागद दिसला. ती म्हणाली, “नका ना वाचू. येऊ द्या तिला, भेटू द्या दोघींना. मग वाचा काय वाचायचं ते.” परंतु जो मजकूर सर्व समाजाने ऐकला, तो ज्या व्यक्तीसंबंधी आहे तिच्यापासूनच लपवणे मला अप्रामाणिक वाटले. तुझ्या चिठ्ठीतील विनंतीही माझ्या ध्यानात होती. मी ती पाळीन, असे वचन दिले नव्हते.

मी वाचले. आई म्हणाली, “परत वाच.”

मी परत वाचले.

“हे तिनं लिहिलंय?”

“तिच्याच हातचं आहे. खाली सही आहे.”

“तू नाही ना लिहून दिलंस?”

“अक्षर तिचं आहे,” असे मी सांगितले. ते खरे आहे.

मग ती म्हणाली, “पण मी म्हटलं होतं रे. चांगलं आठवतंय मला. पट्टा तुटला होता, तो मी मांडीवर घेऊन शिवत होते. ती समोर स्टुलावर. नखं कुरतडत होती. आणि तू दारात होतास. छत्री मिटवत उभा होतास. तू ऐकलंस. तू तेव्हा म्हणालास, ‘आई, तू हिला बुडवते आहेस.’”

मी तिला शांतपणे सांगितले की, मी त्या वेळी मुद्रणालयात होतो. माझी पत्नी उठून खिडकीशी गेली आणि बाहेर पाहत राहिली. तिला त्या संध्याकाळविषयी काय वाटते हे तिने आजवर मला सांगितलेले नाही, आणि मी विचारलेले नाही.

आई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “भिंगरी कधी खोटं लिहायची नाही. तिनं लिहिलंय म्हणजे मी म्हटलं नसेन.” मी म्हटले, “तसंच आहे, आई.” ती म्हणाली, “आयुष्यभर मला वाटायचं, बाकी काही नाही तरी एक गोष्ट आपण धडपणे बोललो. बोललेच नव्हते तर.” आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

अशा रीतीने ज्या व्यक्तीच्या तोंडी ते वाक्य घातले होते, तिच्याकडूनच त्याचे निराकरण झाले. माझ्या दृष्टीने प्रश्न आता संपूर्णपणे मिटला आहे.

आज सकाळपासून ती ‘कागद आला का’ असे विचारत नाही. तू पंधरा तारखेला येणार, हे मी तिला सांगितले. तिने “कशाला?” असे विचारले. खाणे कमी आहे. खोलीत शांतता आहे आणि त्यामुळे मला वाचन करता येते.


१२ मार्च १९९८

आई काल गेली. दफन आज झाले. बाबांच्या डाव्या बाजूस. कोणीही हरकत घेतली नाही. त्याचे श्रेय तुझ्या निवेदनाला आहे, हे नोंदवणे न्याय्य ठरेल.

तार करावी, असे माझ्या पत्नीने सुचवले. सुचवले म्हणजे ती जिन्यात उभी राहून ओरडली. शेजारचे शिंपी बाहेर आले. परंतु तार मिळताच तू संमतीच्या तारखेपूर्वी निघाली असतीस, आणि तुला उंबरठ्याशी अडवण्याची अप्रिय वेळ माझ्यावर आली असती. शिवाय तुझ्या येण्याने घर मंडळाबाहेर गेले असते, आणि ज्या जागेसाठी तू सही केलीस तीच जागा गेली असती. तुझ्या त्यागाला मी जपले, असे तू म्हणू शकतेस. माझ्या पत्नीला ते पटत नाही. ती सध्या सुईणबाईंकडे राहायला गेली आहे. जाताना एवढेच म्हणाली, “तुमची दुरुस्ती पुरी झाली ना? आता बसा.” स्वयंपाकघरातल्या बऱ्याच वस्तू कुठे असतात, हे ती सांगून गेलेली नाही.

शेवटचे दिवस कसे होते, असे तू विचारशील. शांत होते. तिला वेदना नव्हत्या, असे डॉक्टर म्हणतात. दोन मार्चनंतर तिने तुझे नाव काढले नाही. मंगळवारी एकदा तिने मला हाक मारली आणि विचारले, “तू खरंच नव्हतास दारात?” मी ‘नव्हतो’ म्हटले. ती म्हणाली, “बरं.” हे मी लिहितो, कारण तू पुढे कधी या प्रसंगाविषयी लिहिशील आणि पुन्हा कोणाच्या तरी तोंडी काहीतरी घालशील.

प्रकाशकांनी दुसरी आवृत्ती काढायचे ठरवले असल्याचे वृत्तपत्रात वाचले. पहिल्या आवृत्तीतील तारखा पुढीलप्रमाणे दुरुस्त कराव्यात. सर्व तारखा मी कार्यवृत्तावरून, मंडळाच्या इतिवृत्तावरून आणि घरच्या माहितीवरून ताडून पाहिल्या आहेत.

पृष्ठ ३८. उमेदवारी जाहीर झाली ती ३ जानेवारी १९६२ रोजी नव्हे. ९ जानेवारी १९६२ रोजी. मधले सहा दिवस माझे नाव विचाराधीन होते.

पृष्ठ ५१. सभागृहातले पहिले भाषण एप्रिलमध्ये नव्हे. १४ जून १९६२ रोजी. एप्रिलमध्ये तू फक्त शपथ घेतलीस.

पृष्ठ ७९. बाबांचा मृत्यू ‘पासष्टच्या सुरुवातीला’ नव्हे. २ डिसेंबर १९६४.

पृष्ठ १०३. २० सप्टेंबर १९६७ची संध्याकाळ: संपूर्ण परिच्छेद वगळावा.

पृष्ठ १०४. वारसा कायद्यावर मतदान शुक्रवारी नव्हे. गुरुवार, २१ सप्टेंबर १९६७. तू उभी राहिलीस, हे बरोबर.

पृष्ठ १०९. मंडळातून काढण्याचा ठराव ५ नोव्हेंबर १९६७. ‘दादाने विरोधात मत दिले असावे’ हा तर्क गाळावा. ठरावाचा मसुदा माझा आहे.

पृष्ठ १५२. मंत्रिपदाची शपथ १९७३ नव्हे; १८ फेब्रुवारी १९७४. त्या दिवशी आई दुकान बंद करून चौकातल्या रेडिओपाशी जाऊन उभी राहिली होती, असे तू ऐकीव माहितीवरून लिहितेस. दुकान बंद होते. कारणाची नोंद नाही.

पृष्ठ १६०. बहिष्कारविरोधी विधेयक ७ ऑगस्ट १९७५ रोजी, अकरा मतांनी अमान्य.

पृष्ठ २३७. राजकारणातून निवृत्ती १९९१ नव्हे; ३० एप्रिल १९९२.

शेवटच्या पानावर ‘माझी आई आजही त्याच घरात माझी वाट पाहते’ असे आहे. तेथे मृत्यूची तारीख घालावी: बुधवार, ११ मार्च १९९८. ‘वाट पाहते’ हे २ मार्चपासूनच चुकीचे ठरले होते.

तुझ्या भेटीची संमती: रविवार, १५ मार्च १९९८पासून. ही तारीख बरोबर आहे. तिच्यात बदल नाही.